‘गायब’ पुरुष : इब्न बतूताच्या प्रवासाचे पहिले दिवस

इब्न बतूता हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. महंमद तुघलकाच्या कारकीर्दीत दिल्लीस काझी झालेला, दौलताबाद व नंदुरबार पाहिलेला आणि नंदुरबारच्या मराठ्यांच्या आहाराविहाराची नोंद करून ठेवणारा परदेशी प्रवासी म्हणून इतिहासग्रंथांतून त्याची आपली गाठ पडते. परंतु ही गाठ प्रवासाच्या मध्यावर पडते. १३४२ साली दिल्ली सोडून दक्षिणेकडे निघालेला इब्न बतूता हा चीनच्या बादशहाकडे जाणारा सुलतानाचा वकील होता. त्याच्याबरोबर नजराणे होते, लवाजमा होता, आणि तो गावात येताच गावाला त्याची दखल घ्यावी लागत होती. त्यापूर्वी सतरा वर्षे याच माणसाने एका मोठ्या शहराच्या वेशीवर, कोणीही आपली दखल घेतली नाही म्हणून, अश्रू ढाळले होते. त्या रडण्याचा अर्थ काय, आणि एकट्याने केलेल्या दीर्घ प्रवासाच्या आरंभाविषयी तो आपणांस काय सांगतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम प्रसंगाची मांडणी केली पाहिजे. इब्न बतूताचा जन्म १३०४ मध्ये मोरोक्कोतील टँजियर येथे झाला. १४ जून १३२५ रोजी, म्हणजे हिजरी ७२५ च्या रजब महिन्याच्या दुसऱ्या तारखेस, त्याने हजच्या यात्रेसाठी घर सोडले. त्या वेळी चांद्रमानाने आपले वय बावीस होते, असे तो सांगतो. बरोबर सोबती नव्हता, सामील होता येईल असा काफिला नव्हता. आईवडील हयात होते आणि त्यांना सोडून जाण्याचे दुःख दोन्ही बाजूंना सारखेच जड गेले, एवढेच तो नमूद करतो.

त्लेमसेन येथे तो पोहोचला त्याच दिवशी ट्यूनिसच्या सुलतानाचे दोन वकील तेथून निघत होते. त्यांच्या सोबतीने जावे असा सल्ला मिळाला. ईश्वराचा कौल घेऊन, तीन रात्री तेथे काढून, तो त्यांच्या मागावर निघाला आणि मिलियाना येथे त्याने त्यांना गाठले. ऐन उन्हाळ्यात दोघेही वकील आजारी पडले. त्यांपैकी जे ट्यूनिसचे काझी होते ते मिलियानापासून थोड्या अंतरावर वारले. मग इब्न बतूता ट्यूनिसच्या व्यापाऱ्यांबरोबर अल्जियर्सपर्यंत गेला; तेथे उरलेले वकील, शेख झुबैदी, आणि मृत काझींचा मुलगा त्यांना येऊन मिळाले. बिजाया येथे त्याला स्वतःला ताप भरला. थांबून बरा हो, असे झुबैदींनी सांगितले. मरण यायचेच असेल तर हिजाजकडे तोंड करून वाटेत येऊ दे, अशा आशयाचे उत्तर देऊन तो निघाला. झुबैदींच्या सांगण्यावरून त्याने आपले जनावर व जड सामान विकले आणि उसन्या वाहनावर व उसन्या तंबूच्या आसऱ्याने पुढली वाट धरली. कॉन्स्टंटाईनजवळ पावसात कपडे चिखलाने भरले. तेथील अधिकाऱ्याने ते धुवून देवविले आणि फाटक्या वस्त्राऐवजी नवे वस्त्र पाठविले, ज्याच्या पदराला दोन सोन्याचे दीनार बांधलेले होते. पुढे ताप इतका वाढला की, पडू नये म्हणून पागोट्याच्या कापडाने त्याने स्वतःला खोगिरास बांधून घेतले. भीतीमुळे खाली उतरणेही शक्य नव्हते.

या सर्व संकटांत तो रडल्याचा उल्लेख नाही. तो रडला ट्यूनिसला पोहोचल्यावर. नगरवासी झुबैदींना आणि काझींच्या मुलाला सामोरे आले. सगळीकडे सलाम, विचारपूस चालली होती. इब्न बतूताची मात्र कोणाशी ओळख नसल्यामुळे त्याला कोणी सलाम केला नाही. त्याला अश्रू आवरेनात. काफिल्यातील एका यात्रेकरूच्या ध्यानात हे कारण आले. त्याने जवळ येऊन सलाम केला, आणि शहरात शिरेपर्यंत तो त्याच्याशी बोलत राहिला.

परदेशातील आरंभीच्या दिवसांचे दुःख भाषा न समजण्याचे, चालीरीती अनोळखी असण्याचे असते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. प्रवासवर्णनांच्या समीक्षेतही ‘परक्या संस्कृतीचा धक्का’ या सदरात अशा प्रसंगांची बोळवण होते. हे स्पष्टीकरण येथे मुळीच लागू पडत नाही. राज्य वेगळे होते, पण ज्या अरबीत तो शिकला तीच ट्यूनिसच्या विद्वानांची भाषा होती. धर्म तोच, आणि मगरिबभर प्रचलित असलेला मालिकी कायदाही तोच. वेशीवर उच्चारला गेलेला प्रत्येक सलाम त्याला कळत होता. किंबहुना तो कळत होता म्हणूनच लागला. सलाम म्हणजे काय हे ज्याला ठाऊकच नाही, त्याला तो न मिळाल्याचे दुःख होण्याचे कारण नाही.

येथे व्याकरणशास्त्र आपल्या साहाय्यास येते. मराठी व्याकरणात आपण पुरुषांची नुसती गणना करतो : प्रथम, द्वितीय, तृतीय. अरबी वैयाकरणांची परिभाषा याहून बोलकी आहे. ‘मी’ म्हणजे मुतकल्लिम, बोलणारा; ‘तू’ म्हणजे मुखातब, ज्याला उद्देशून बोलले जाते तो; आणि ‘तो’ म्हणजे गाइब, जो उपस्थित नाही तो. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ बेन्व्हेनिस्त याने १९४६ मध्ये याच परिभाषेचा आधार घेऊन असे प्रतिपादन केले की, खरे पुरुष दोनच, ‘मी’ आणि ‘तू’. तिसरा हा संवादातील ‘पुरुष’ नव्हेच. मराठीतील ‘गायब’ हा शब्द तोच अरबी शब्द आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. ट्यूनिसच्या वेशीवर इब्न बतूता देहाने हजर होता आणि व्याकरणाने गायब होता. सर्व संभाषण त्याच्या देखत, त्याला कळणाऱ्या भाषेत चालले होते. पण त्यातील एकाही वाक्याचा तो मुखातब नव्हता.

अरबी सलामाची घडणही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ‘सलाम अलैकुम’ यातील अंत्य ‘कुम’ हे द्वितीय पुरुषाचे सर्वनाम आहे : ‘तुम्हांवर शांती असो’. हा सलाम कोणाला तरी ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ केल्यावाचून उच्चारताच येत नाही. आपल्या ‘नमस्कार’, ‘रामराम’ यांत असे सर्वनाम नाही. आपल्याकडे ते काम त्यापाठोपाठ येणारे ‘काय म्हणता?’ हे करते. मॅलिनोव्स्कीने १९२३ मध्ये ज्या निव्वळ स्नेहसंपर्कासाठी केलेल्या बोलण्याकडे भाषाभ्यासकांचे लक्ष वेधले, ते हेच. त्यात माहिती जवळजवळ नसते, म्हणून ते पोकळ ठरत नाही. त्या यात्रेकरूने इब्न बतूताला कोणतीही नवी बातमी दिली नाही. त्याने त्याचा पुरुष बदलला.

दुसरी एक गोष्ट मराठीत वाचताना अधिक स्पष्ट होते. प्रवास सुरू होतो तेव्हा कथन ‘मी’चे आहे, व्यापाऱ्यांची सोबत मिळाल्यावर त्यात अनेकवचन शिरते. अरबीला त्यासाठी एकच सर्वनाम पुरते. मराठी अनुवादकाला मात्र थांबून विचार करावा लागेल. कारण ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ असा भेद आपल्या भाषेत आहे. वाचकाला सांगताना ‘आम्ही अल्जियर्सला पोहोचलो’ असेच म्हणावे लागेल. पण वाटेत ते प्रवासी एकमेकांशी बोलताना, मराठीत बोलते तर, ‘आपण उद्या निघू’ असेच म्हणाले असते. ट्यूनिसच्या वेशीवर हे ‘आपण’ मोडले. जो तो आपापल्या माणसांच्या ‘आपण’मध्ये परतला, आणि ज्याला परतायला जागा नव्हती तो एकटा ‘मी’ उरला. टँजियर सोडताना सोबती नसणे हा एकटेपणाचा पहिला प्रकार. सोबत लाभून ती वाटेपुरतीच होती हे कळणे हा दुसरा, आणि तोच अधिक तीव्र. बिजायाचा ताप जे करू शकला नाही ते वेशीवरच्या आनंदसोहळ्याने केले, याचे मर्म हे आहे.

येथे एक आक्षेप विचारात घेणे अवश्य आहे. हा ग्रंथ इब्न बतूताने स्वतः लिहिलेला नाही. मारिनी सुलतान अबू इनान याच्या आज्ञेवरून त्याने आपली हकिकत सांगितली, ती १३५५ च्या अखेरीस पुरी झाली, आणि इब्न जुझय्य या विद्वानाने तिला ग्रंथरूप दिले. म्हणजे प्रसंग आणि कथन यांत तीस वर्षांचे अंतर आहे. शिवाय मक्का, मदिना, दमास्कस यांच्या वर्णनांत बाराव्या शतकातील इब्न जुबैरच्या ग्रंथातून बराच मजकूर उचललेला आहे, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. तेव्हा पुढे राजेमहाराजांनी ज्याला सन्मानिले त्याने आपला आरंभ मुद्दाम करुण करून सांगितला नसेल कशावरून? ही शंका रास्त आहे. इतकेच नव्हे, तर याच स्थळी इब्न जुझय्यने आपल्या गुरूंचा, अंदालुसियातील एका गावी ईदेच्या प्रसंगी आलेला, अगदी तसाच अनुभव जोडून दिला आहे. लेखनिकाने हा प्रसंग एका ओळखीच्या वर्गातला मानला होता, हे उघड दिसते.

तथापि या पुराव्याचा कल उलट दिशेनेही लावता येईल. तीस वर्षांनंतर पहिल्या तीन महिन्यांतले काय आठवते, याचे उत्तर या पृष्ठांत आहे. त्लेमसेन किंवा अल्जियर्स शहर कसे दिसत होते याविषयी तो जवळजवळ काही सांगत नाही. त्लेमसेनला मिळालेला सल्ला, बिजायाचा ताप, पदराला बांधलेले दोन दीनार आणि मिळालेला सलाम मात्र सांगतो. पहिल्या दिवसांत प्रवासी देश पाहात नसतो. आपल्याकडे कोण पाहतो ते पाहात असतो. आणि लेखनिकाने गुरूंची हकिकत जोडली, ती ऐकताच त्याला हे दुःख ओळखीचे वाटले म्हणून. तेव्हा हा प्रसंग साचेबंद असला तरी हा साचा अनुभवाने घडविलेला आहे.

ग्रंथाचा खरा दोष वेगळाच आहे, आणि तो फारसा कोणी दाखवीत नाही. ज्या शेखांचे स्वागत झाले त्यांचे नाव ग्रंथात आहे. काझींच्या मुलाचेही आहे. ज्याने जवळ येऊन सलाम केला त्या यात्रेकरूचे नाव मात्र नाही. पुढे काही आठवड्यांतच इब्न बतूता यात्रेच्या काफिल्याचा काझी नेमला गेला. ट्यूनिसहून निघाल्यावर वाटेत त्याने ट्यूनिसच्या एका प्रतिष्ठिताच्या मुलीशी विवाह केला, सासऱ्याशी बिनसल्यावर तिला सोडले, आणि फेझच्या एका विद्यार्थ्याच्या मुलीशी दुसरा विवाह करून साऱ्या काफिल्याला एक दिवस थांबवून मेजवानी दिली. या दोन्ही स्त्रियांची नावे नाहीत. त्या कोणाच्या कन्या होत्या एवढेच कळते. आपले घर सोडून त्याही परमुलखास निघाल्या होत्या. त्यांचे पहिले दिवस कसे गेले असतील, हा प्रश्न त्या वेशीवर रडलेल्या माणसाला पडलेला नाही. ज्याला गायब होण्याची वेदना कळली होती, त्याच्याच कथनात त्या दोघी गायब आहेत. अनुभवाने माणूस हळवा होतो. तो न्यायी होतोच असे नाही.

या दृष्टीने आपल्याकडील एका गोष्टीकडे पाहावे. १८८३ च्या एप्रिल महिन्यात दोन मराठी स्त्रिया स्वतंत्रपणे समुद्रापार निघाल्या : पंडिता रमाबाई इंग्लंडला, आणि अवघ्या अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी पतीला मागे ठेवून अमेरिकेला. रमाबाईंचा ‘इंग्लंडचा प्रवास’ हा पत्ररूप आहे. आनंदीबाईंचे पहिले दिवस आपल्याला कळतात तेही मुख्यतः पत्रांतून. हे केवळ सोयीमुळे घडले असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. पत्र हा असा लेखनप्रकार आहे की, ज्यात द्वितीय पुरुष आरंभीच्या मायन्यातच हजर असतो. जेथे कोणी आपल्याला ‘तू’ म्हणणारे नाही, तेथे कागदावर कोणाला तरी ‘आपण’ म्हणून लिहिणारी व्यक्ती स्वतःला मुतकल्लिम म्हणून टिकवून धरते. पुढील काळात आपले प्रवासवर्णन पत्र सोडून पुस्तक झाले आणि त्याचा मुखातब अनाम वाचक झाला. त्याबरोबर पहिल्या दिवसांचे प्रकरण बहुधा विनोदाच्या हाती गेले. फजितीचे किस्से रंगले. वेशीवरचे ते मौन क्वचितच उरले.

एक स्वानुभव नोंदवून हे विवेचन आवरतो. काही वर्षांपूर्वी अभ्यासानिमित्त प्रस्तुत लेखकास लायडन येथे दहा महिने एकट्याने राहावे लागले. तेथे इंग्रजीवर सर्व कामे भागतात. पहिल्या पाच दिवसांत ग्रंथालयात, कचेरीत, दुकानात सर्वजण सौजन्याने बोलले. खिशातील फोनवरून रोज रात्री घरच्यांचे आवाजही ऐकू येत होते. तरीही ते पाच दिवस विलक्षण पोकळ गेले. कारण येथे ऐकलेले प्रत्येक वाक्य कोणालाही उद्देशून बोलता आले असते. सहाव्या दिवशी पावाच्या दुकानातील बाईंनी, काही मागण्यापूर्वीच, रोजचा पाव उचलून ‘हाच ना?’ अशा अर्थी भुवया उंचावल्या. त्यात एकही शब्द नव्हता, पण द्वितीय पुरुष होता. इब्न बतूताचे ते पान त्यानंतर पुन्हा वाचले, तेव्हा ते प्रथमच वाचत असल्यासारखे वाटले.

आपल्या विभागातील विद्यार्थी प्रवासवर्णनावर प्रबंध लिहितात, तेव्हा लेखकाने काय पाहिले, किती बारकाईने पाहिले आणि कोणत्या शैलीत सांगितले, यांची छाननी होते. तिच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा, एवढीच या लेखाची सूचना आहे : या लेखकाला तेथे प्रथम ‘तू’ कोणी म्हटले, आणि त्या माणसाचे नाव त्याने लिहून ठेवले आहे काय?