पॉप, सोडा, कोक आणि आमचे भाषांतरकार

अमेरिकन कथाकादंबऱ्यांचीं मराठी भाषांतरें वाचतांना एक शब्द आम्हांस वारंवार आडवा येतो. तो म्हणजे ‘शीतपेय’. ओहायोंतील शेतकऱ्याचा मुलगा शीतपेय पितो, न्यूयॉर्कचा कारकून शीतपेय मागवितो, आणि जॉर्जियांतील आजीबाई पाहुण्यापुढें शीतपेयच ठेवितात. स्वतःच्या बोलींत मात्र यांतील पहिला ‘पॉप’ म्हणेल, दुसरा ‘सोडा’ आणि तिसरी ‘कोक’. पेय एकाच जातीचें, साखरेचें व वायु भरलेलें. भाषांतरकारास वाटतें कीं अर्थ एक, तेव्हां शब्दहि एकच पुरे. हें मत आम्हांस मान्य नाहीं.

हा भेद नकाशावर रेखाटतां येण्याइतका स्पष्ट आहे. ईशान्येकडील राज्यांत आणि कॅलिफोर्नियांत ‘सोडा’ चालतो, मध्य-पश्चिमेच्या विस्तीर्ण मुलखांत व वायव्य किनाऱ्यावर ‘पॉप’, दक्षिणेंत ‘कोक’. पॉपच्या प्रदेशांत मिलवॉकी व सेंट लुई हीं शहरें सोड्याचीं बेटें होऊन बसलीं आहेत. बोस्टनच्या आसपास जुनीं माणसें याच पेयास ‘टॉनिक’ म्हणत आलीं. एवढा एक शब्द तोंडांतून निघाला कीं बोलणारा कोणीकडचा, याचा अंदाज अमेरिकन वाचकास येतो. जें सांगण्यास कादंबरीकारानें एरव्हीं परिच्छेद खर्ची घातला असता, तें येथें विनासायास झालेलें असतें.

शिवाय या प्रत्येक नांवानें त्या वस्तूची निराळी बाजू पकडली आहे. जोसेफ प्रीस्टली यानें १७६७ सालीं लीड्स येथें बियरच्या भट्टीवर उठणारा वायु पाण्यांत मुरविला. पुढें तशा पाण्यांत सोड्याचा क्षार घालून विकूं लागले, आणि क्षार गेला तरी नांव राहिलें. पॉप हें कानानें ठेविलेलें नांव. बूच उडतांना होणाऱ्या आवाजावरून तें पडलें, असें रॉबर्ट साउदी या इंग्रज कवीनें १८१२ सालच्या एका पत्रांतच लिहून ठेविलें आहे. टॉनिक या नांवास औषधाच्या दुकानाचा वास आहे. मॅसॅच्युसेट्समधील लोवेल येथलें ‘मॉक्सी’ हें पेय आरंभीं मज्जातंतूंचें औषध म्हणूनच विकलें जाई.

कोकची कथा मात्र सर्वांत मनोरंजक. अटलांटाच्या पेंबर्टन नांवाच्या औषधविक्यानें १८८६ सालीं कोका-कोला काढलें. कंपनीस तें तोडकें नांव प्रथम मुळींच रुचत नसे. पुरें नांव घेऊन मागा, अशी ती जाहिरातींतून गिऱ्हाइकांस विनवणी करी. १९२० सालीं नक्कल करणाऱ्या एका मंडळीविरुद्धच्या खटल्यांत न्यायमूर्ति होम्स यांनीं असा निर्णय दिला कीं, हें नांव लोकांच्या मनांत एकाच ठिकाणाहून येणाऱ्या एकाच वस्तूचें निदर्शक आहे. दक्षिणेच्या जनतेनें हा निकाल वाचला नसावा. कंपनीनें १९४५ सालीं ‘कोक’ची नोंदणी करून घेतली, तरी तेथें नारिंगी, लिंबाचें, द्राक्षाचें, सारींच पेयें कोक या नांवाखालीं जातात. (हीच कंपनी १९९३ सालीं भारतांत परतल्यावर तिनें ‘ठंडा’ या हिंदी सामान्य नामावर जाहिरातींतून हक्क सांगितला, ही उलटी गंगाहि पाहण्याजोगी आहे.)

भाषांतरकाराची अडचण खरी आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. मराठींत नुसता सोडा म्हणजे बिनसाखरेचें पाणी. तो शाळकरी पोराच्या हातीं दिला तर वाचक भलताच तर्क करील. टॉनिक आजारपणानंतर चमच्यानें घ्यावयाचें. पॉप म्हटलें कीं गाणीं आठवतात. चारहि शब्द आमच्याकडे येऊन रुळलेले आणि चारहि फसवे. परंतु त्यावर ‘शीतपेय’ हा उतारा नव्हे. तो शब्द परिपत्रकांत शोभतो. बोलतांना सरळ ‘कोल्ड्रिंक’ म्हणणारा मराठी माणूस तो सहसा उच्चारीत नाहीं. आणि पन्हें, ताक, कोकमाचें सरबत हीं तरी शीत पेयें नव्हेत कीं काय? ज्या वायूमुळें हें पेय निराळें ठरलें, त्याचा या शब्दांत पत्ताच नाहीं.

मूळ शब्द तसाच ठेवावा आणि भोंवतालच्या वाक्यानें त्याचा अर्थ उलगडावा, असें आमचें मत आहे. दक्षिणेंतील दुकानांतलें बोलणें घ्या. “एक कोक द्या.” “कोणता?” “नारिंगी.” येथें तळटीपेची गरज कोणास पडेल? याच जागीं ‘एक शीतपेय द्या’ असें लिहिलें कीं दुकानदाराचा प्रश्न साधा होतो, गंमत जाते आणि जॉर्जियाहि जातो.

पुण्याच्या कोथिंबिरीस वऱ्हाडांत सांबार म्हणतात. वऱ्हाडी आईच्या तोंडचा ‘सांबार’ पुसून एखाद्या संपादकानें तेथें ‘कोथिंबीर’ घातली, तर आपण त्यास रसिक म्हणणार नाहीं. अमेरिकन माणसाच्या बाबतींत मात्र तोच अपराध आपण सुबोधतेच्या नांवाखालीं चालवून घेतों. त्यांत आणखी एक गोष्ट निसटते, ती वयाची. बोस्टनकडील तरुण आतां बहुतेक सोडाच म्हणतात. टॉनिक वृद्धांपाशीं उरला आहे. तेथील एखाद्या कथेंत आजोबा टॉनिक मागतील आणि नातू सोडा आणून देईल. भाषांतरांत दोघांच्याहि पेल्यांत शीतपेय ओतलें, तर त्या दोघांमधलीं साठ वर्षें भाषांतरकार कोठें ठेवणार?