गुडघ्याचा अक्ष आणि प्रतिमांची तुलना : एक चिकित्सा

प्रस्तावना :
बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दरवर्षी येथील लाखो कामगार कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात. वाकून तोड करणे, डोक्यावर मोळी वाहणे आणि दुखणे अंगावर काढणे यांत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या गुडघ्याची आतली बाजू उतारवयात झिजली व पाय कमानीसारखा वाकला, की सांधेरोपणाचा विचार पुढे येतो. तत्पूर्वी पायाचा अक्ष किती ढळला आहे, हे मोजावे लागते. हे माप कोणत्या प्रतिमेवरून घ्यावे, यासंबंधीच्या तुलनात्मक संशोधनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

विवेचन :
खुबा, गुडघा व घोटा यांचे मध्यबिंदू एका रेषेत असले म्हणजे यांत्रिक अक्ष सरळ, अर्थात १८० अंशांचा मानला जातो. उभे राहून काढलेल्या संपूर्ण पायाच्या क्ष-किरण चित्रात हे तिन्ही बिंदू दिसतात. केवळ गुडघ्याच्या लहान चित्रात ते दिसत नाहीत. तेथे मांडीच्या हाडाचा अक्ष यांत्रिक अक्षाशी ५ ते ७ अंशांचा कोन करतो, असे गृहीत धरावे लागते. सीटी स्कॅन हाडाचा पीळ उत्तम दाखवितो. परंतु रुग्ण आडवा असल्याने गुडघ्यावर भार नसतो आणि बाक प्रत्यक्षाहून कमी भरण्याचा संभव असतो.

अशा पद्धतींची तुलना करताना अनेकदा सहसंबंध गुणांकावर समाधान मानले जाते. ब्लँड व ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मधून या प्रथेतील दोष दाखवून दिला. एक पद्धत प्रत्येक पायात ३ अंश कमी दाखवीत असेल, तरीही सहसंबंध पूर्ण येतो. मात्र मापे जुळत नाहीत. रोपणात तर ३ अंश हीच रूढ मर्यादा आहे. जेफरी व सहकाऱ्यांच्या १९९१ मधील अभ्यासात या मर्यादेत बसलेले सांधे ३ टक्के, तर मर्यादेबाहेरचे २४ टक्के सैल झाले. पॅराट व सहकाऱ्यांना २०१० मध्ये १५ वर्षांच्या पाहणीत असा फरक आढळला नाही. तथापि त्यामुळे मापनाचे महत्त्व उणावत नाही. कारण मूळ अक्ष राखावयाचा की सरळ करावयाचा, हे ठरविण्यासाठीही तो अचूक ठाऊक असावा लागतो.

दुसरा दोष गृहीतकाचा आहे. मुंबईचे शल्यविशारद अरुण मुल्लाजी व गौतम शेट्टी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ गुडघेरोपणातील विकृतिसुधारणेलाच वाहिलेला आहे. मांडीचे किंवा नळीचे हाडच वाकलेले असेल, तर लहान चित्राचे ठरीव कोन चुकतात. म्हणजे ज्या रुग्णाला अचूकतेची सर्वाधिक गरज, तेथेच स्वस्त पद्धत दगा देते.

निष्कर्ष :
ज्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे हा प्रश्न गौण ठरत नाही. महागड्या यंत्राचा आग्रह अनाठायी होय. परंतु गुडघ्याची वाटी समोर ठेवून, उभ्याने काढलेले संपूर्ण पायाचे चित्र ही किमान अट असावी. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल, तर पायाच्या किंचित वळण्यानेही माप बदलते, याची नोंद व्हावी. पिळाची शंका असेल तेथेच सीटी योजावा. तुलनाकारांनीही सरळ पायांची सरासरी न सांगता, वाकलेल्या पायांत चूक किती अंशांपर्यंत जाते, हे सांगणे अगत्याचे आहे. रोपण सरासरीवर होत नसते. ते एका माणसाच्या एका पायावर होते.