झोंबीचे हात कुठे आहेत?

दिवाळी झाल्यावर निमगाव सावाहून मला एक शॉर्टफिल्म आली. नऊ मिनिटांची, मोबाइलवर काढलेली, गावातल्या कॉलेजच्या पाच-सहा पोरांनी मिळून केलेली. सोबत मेसेज होता, "ताई, तुम्ही मेकअपवर पीएचडी करताय ना? मग खरं काय ते सांगा. नुसतं भारी झालंय म्हणू नका."

म्हणून हा लेख. पोरांना विचारूनच लिहितेय, नावं देत नाही. नवीन वाचकांसाठी एका वाक्यात सांगते: माझा विषय आहे मराठी रंगमंचावरची आणि पडद्यावरची रंगभूषा, म्हणजे चेहऱ्याला काय लावलं, कुठल्या उजेडात लावलं आणि बघणाऱ्याला त्यातून काय दिसलं. झोंबी त्यात कुठे बसतो, असं तुम्ही विचाराल. चांगलाच बसतो. जिवंत माणसाला मेलेला दाखवायचं, हे रंगभूषेतलं सगळ्यात अवघड काम आहे.

गोष्ट साधी आहे. रात्रपाळीची लाइट आहे, म्हणून एक पोरगा उसाला पाणी द्यायला जातो. मोटर चालू करतो, सऱ्यांत पाणी सोडतो, बांधावर बसतो. पाचट वाजतं. जुन्नर तालुक्यात रात्री उसात पाचट वाजलं की मनात एकच नाव येतं. पोरगा बॅटरी मारतो, बिबट्या दिसत नाही, परत पाचट वाजतं. ही पहिली तीन मिनिटं उत्तम आहेत, अगदी मनापासून सांगते. कारण ती भीती त्या शिवारातली आहे, कुठून आणलेली नाही. मग उसातून झोंबी बाहेर येतात आणि माझी भीती संपते.

का संपते, ते नीट बघू.

पहिलं कारण पांढरा रंग. पोरांनी चेहऱ्यांना टाल्कम पावडर आणि पांढरा रंग थापलाय, डोळ्यांभोवती काजळ फासलंय. बॅटरीच्या झोतात ते चेहरे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसतात. मेलेला माणूस पांढरा पडतो, हे आपण इंग्रजी सिनेमातून शिकलो, आणि तिथे ते खरंही आहे. गोऱ्या कातडीखालचं रक्त ओसरलं की ती फिकट दिसते. सावळ्या कातडीचा रंग मात्र कातडीतल्या रंगद्रव्याचा असतो. रक्त ओसरलं तरी ती पांढरी पडत नाही, तिचं तेज जातं. आपल्या माणसाचा फिकेपणा दिसतो तो ओठांवर, नखांवर, तळहातावर आणि खालच्या पापणीच्या आतल्या बाजूला. गावातली म्हातारी बाई पोरीच्या अंगात रक्त आहे का ते बघायला पापणी खाली ओढते, कपाळ बघत नाही. रंगभूषाकारानं तिच्याकडून शिकावं.

मुळात झोंबीचा राखाडी चेहराही एक अपघातच आहे. जॉर्ज रोमेरोनं 1968 साली 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला तो कृष्णधवल. रक्त म्हणून बाजारातलं चॉकलेट सिरप वापरलं, आणि ते खपून गेलं, कारण पडद्यावर लाल दिसायचंच नव्हतं. मग 1978 चा 'डॉन ऑफ द डेड' रंगीत आला. टॉम सॅव्हिनीनं आधीच्या सिनेमातला करडेपणा धरून झोंब्यांना राखाडी रंगवलं. पडद्यावर त्यातले बरेच चेहरे निळसर-हिरवट दिसले आणि पुढे सॅव्हिनीलाच ते खटकलं. म्हणजे बघा, त्यानं जुन्या फिल्मची नक्कल केली, जगानं त्याची केली, आणि निमगाव सावाच्या पोरांनी जगाची. वाटेत कुणी मेलेल्या माणसाकडे बघितलंच नाही.

आता कुणी म्हणेल, आपल्या तमाशातही तोंडं पांढरी-पिवळी रंगवायचेच की. बरोबर आहे. निमगावपासून नारायणगाव काही लांब नाही. पाडव्याला तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक यात्रेची सुपारी द्यायला येतात. पण तो चेहरा उजेडासाठी होता. पलिते, मशाली आणि पुढे गॅसबत्ती, एवढ्याच उजेडात शेवटच्या माणसाला भुवई दिसायला हवी, म्हणून चेहऱ्याला उजळ थर. तुमच्या झोंबीवर दोन हातांवरून एलईडीचा झोत पडतोय आणि कॅमेराही दोन हातांवरच आहे. तिथे उजळ थर लावला की चेहऱ्याचे सगळे उंचसखल भाग पुसले जातात. कॅमेऱ्यात कातडी गुळगुळीत करणारी सोय चालू राहिली असेल, तर उरलंसुरलंही जातं. ती आधी बंद करा.

जुन्या रंगपेटीतल्या एका पुडीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. तिचं नाव मुरदाडशिंग. सफेदा, हिंगूळ, काजळ यांच्या जोडीला ही पिवळसर पूड तोंडाला लावायचे. शब्द फारसीतल्या 'मुर्दासंग'वरून आलाय, म्हणजे मेलेला दगड. रसायनाच्या भाषेत ते शिशाचं ऑक्साइड. सफेदाही जुन्या काळी शिशाचाच असायचा, जस्ताचा नंतर आला. हिंगुळात पारा. राजा, राणी, देव व्हायला उभे राहिलेले नट रोज रात्री हे विष तोंडाला चोळत होते, घामाबरोबर ते ओठांत जात होतं. शिसं शरीरात गेलं की हाडांत साठून राहतं, लवकर निघत नाही. नावातच मुर्दा होता, तरी ते जिवंत चेहऱ्यासाठी वापरलं गेलं.

हे जुनं झालं असं मी म्हटलं असतं. पण फिल्ममधलं रक्त बघितलं आणि फोन केला. "रक्ताला काय वापरलं रे?" उत्तर आलं, "शेंदूर. तेलात कालवला."

शेंदूर हेही मुळात शिशाचंच ऑक्साइड. आज पुडीत नेमकं काय मिसळलेलं असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं. एका पोराच्या डोळ्यात तो गेला आणि दोन दिवस डोळा लाल राहिला. हे फिल्ममध्ये नाही, फोनवर हसत सांगितलं. शेंदूर दगडाला लावायची वस्तू आहे. तोंडाला, विशेषतः ओठांना आणि डोळ्यांजवळ, अजिबात लावू नका. बाजारचा सुरमा आणि होळीचे चमचम करणारे रंगही नकोत. आणि समीक्षक म्हणूनही सांगते, शेंदूर रक्तासारखा दिसतच नाही. तो नारिंगी आहे. तुमचा मुख्य झोंबी पारावरच्या मारुतीसारखा दिसत होता. मला हात जोडावेसे वाटले.

मग काय वापरायचं? इथे मला पोरांवर थोडा राग आहे, कारण उत्तर त्यांच्या बांधाला होतं. हॉलिवूडचं रक्त म्हणजे मक्याचा पाक आणि खायचा रंग. आपल्याकडे गुऱ्हाळ आहे, काकवी आहे. काकवी घट्ट असते, ओघळते पण हळू, आणि रात्रीच्या उजेडात ओली चमकते. तिच्यात बिटाचा रस गार असतानाच घाला, कारण उकळला की त्याचा रंग तपकिरी होत जातो. नुसतं बीट गुलाबी दिसतं. काकवीचा तांबूसपणा त्याला रक्ताकडे ओढतो, आणि चिमूटभर कोको घातला की ते शिळं रक्त होतं. तोंडात गेलं तरी काही होत नाही. मुंग्या येतात, हे मान्य करते, म्हणून शूटिंगच्या आधी पाच मिनिटं लावा, संध्याकाळपासून लावून बसू नका.

हळद-चुन्याचं कुंकू करून रक्त करावं असंही काहींना वाटेल. चुन्यानं हळद लाल होते खरी, पण घाम किंचित आंबट असतो, त्यात ती पुन्हा पिवळी पडायला लागते. शिवाय चुना कातडीला झोंबतो. तो नाद सोडा.

जखमेसाठी मैद्याची खळ शिजवा, पत्रिका चिकटवायला करतो तशी. गार झाल्यावर हातावर थर, वर टिश्यू पेपरचा एक पदर, परत खळ. वाळताना ती आकसते आणि खालची कातडी सुरकुतवते. मधे फाडलं की कडा उचलल्या जातात, आत काकवी भरा. जिलेटिनच्या जखमा जास्त खऱ्या दिसतात, पण जिलेटिन साधारण 30 ते 35 अंशांना वितळतं. थंडीतल्या रात्री ठीक, चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत गालावरची जखम छातीवर येईल. चायना ग्रास वितळायला 85 अंशांच्या आसपास लागतात, ते टिकतं. पण ते ठिसूळ आहे, चेहरा हलला की तडकतं. म्हणून जिथे हालचाल कमी, तिथेच. चेहऱ्याच्या थराला मुलतानी माती घ्या, किंचित हळद आणि घरच्या दिव्याची काजळी मिसळून. वाळताना तिला भेगा पडतात, रंग आपल्या कातडीच्या जवळ राहतो आणि तेज तेवढं जातं. आपल्याला तेच तर हवंय. आधी कोपराच्या आत लावून एक दिवस बघा. डोळ्यांच्या कडेला काहीच नको.

इथवर सगळं साहित्याचं झालं. माझी खरी तक्रार वेगळी आहे.

तुमचे झोंबी कोण आहेत? मी फिल्म चार वेळा बघितली. डोक्याला टॉवेल, मळका सदरा, एकीला फाटकं लुगडं, एकाच्या हातात कोयता. ते ऊसतोड करणारे लोक आहेत. दिवाळीनंतर बीड, पाथर्डीकडून टोळ्या येतात, गावाबाहेर कोप्या पडतात, पहाटेपासून तोड सुरू होते. त्यांना तुम्ही उसातून बाहेर येणारं भूत केलंत. चेहरा अमेरिकेचा घेतलात आणि कपडे कोपीवरचे. ज्याच्याकडे आधीच गाव संशयानं बघतं, त्यालाच राक्षस करणं फार सोपं असतं. तुम्ही मुद्दाम केलं नाही, हे मला माहीत आहे. जुने कपडे सहज मिळाले, एवढंच असेल. पण पडद्यावर 'सहज' असं काही नसतं.

आणि गंमत म्हणा किंवा दैव म्हणा, झोंबीचं मूळही उसातच आहे. हैतीच्या लोककथांत झोंबी कुणाला चावत नाही. तो मेल्यावर उठवून पुन्हा कामाला जुंपलेला माणूस आहे. ज्या बेटावर गुलामांनी ऊस पिकवला, तिथल्या माणसांची ही सगळ्यात मोठी भीती होती: मेल्यावरही सुटका नाही. अमेरिकेचं सैन्य हैतीत असताना, 1929 मध्ये, सीब्रूकच्या 'द मॅजिक आयलंड' या पुस्तकातून ही कथा बाहेर गेली. 1932 च्या 'व्हाइट झोंबी' सिनेमात झोंबी साखरेच्या घाण्यावर राबताना दिसतात. एक जण आत पडतो आणि कुणी थांबत नाही. मला त्या सिनेमात सगळ्यात जास्त भीती तिथे वाटते, आणि तिथे रक्ताचा थेंब नाही.

आपल्याकडे 'झोंबिवली' आला 26 जानेवारी 2022 ला, आदित्य सरपोतदारांचा. डोंबिवलीतला टॉवर, शेजारची वस्ती आणि मधे पाणी, हे त्यांनी बरोबर हेरलं. मला तो आवडतो. पण एक गोष्ट खटकते. एकदा माणूस झोंबी झाला की तो टॉवरचा होता की वस्तीचा, हे माझ्या लक्षात राहत नाही, सगळे एका रंगात जातात. मेल्यावर सगळे सारखे, असं कुणी समर्थन करील. पण जो सिनेमा पाण्याच्या वाटणीबद्दल आहे, त्यात तहान कुणाच्या चेहऱ्यावर किती आहे हे रंगभूषेनं सांगायला हवं होतं. पैसा आणि कसबी हात असूनही ते राहिलं, तेव्हा तुम्हाला एकट्यांना दोष देत नाही.

आता शीर्षकातला प्रश्न. तुमच्या झोंब्यांचे चेहरे हनुवटीपर्यंत रंगवलेत आणि हात स्वच्छ आहेत, नखंसुद्धा कापलेली. उसात दिवसभर राबलेल्या माणसाचे हात कधी बघितलेत? पाचटाची धार बारीक बारीक चिरे पाडते, तळव्याला कोयत्याच्या मुठीचे घट्टे असतात, रसाची चिकट धूळ भेगांत काळी होऊन बसते. मुलतानी माती, खळ, काकवी, काजळी हे सगळं त्या हातांसाठीच आहे. पहिली तीन मिनिटं तशीच ठेवा. मग बॅटरीच्या झोतात फक्त दोन हात येऊ देत, पाचट बाजूला सारणारे. चेहरा दाखवूच नका. ते हात कुणाला धरत नाहीत, ऊस तोडतात, मोळी बांधतात, पुढच्या सरीला जातात. पाणी द्यायला आलेला पोरगा बघत राहतो.

कोपीवर जाऊन आधी बोला, हेही सांगितलं त्यांना. कपडे मागायला जाऊ नका, गोष्ट सांगायला जा. आणि शूट झाल्यावर तिथेच दाखवा.

रात्री उत्तर आलं: "ताई, काकवीचं कळलं. हातांचंही कळलं. पण चेहरा नाही दाखवला तर आमचा पक्या रुसेल, त्यानंच झोंबी केलाय."

पक्याला म्हणावं, तुझे हात आण.