हेमाडपंती म्हटलं की डोळे मिटतात

महाशिवरात्रीला तुमच्या प्रतापगडाच्या डोंगरावर महादेवाला गर्दी होते, तशी तिथल्या दर्ग्यावरही होते. त्याच दिवशी इथून दक्षिणेला, वडसा-आरमोरी-गडचिरोली करत गेलं की चामोर्शीजवळ वैनगंगेकाठी मार्कंड्याची यात्रा असते. आज त्या मार्कंड्याच्या देवळाबद्दल बोलतो.

तिथे कुणालाही विचारा, उत्तर एकच : "हेमाडपंती आहे." माझी तक्रार या शब्दाशी आहे. हेमाद्री म्हणजे महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा कारभारी, 'चतुर्वर्गचिंतामणि'चा कर्ता, तेराव्या शतकातला. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके 982चा, म्हणजे इ.स. 1060चा. दोनशे वर्षं आधीचा! तरी तेही हेमाडपंतीच म्हणतात. चुना न वापरलेलं, काळ्या दगडाचं, जुनं दिसलं की लावा हेमाडपंताचं नाव. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं म्हणून सांगतो, नाम आधी येऊन बसलं की रूपाकडे बघायचं राहून जातं.

मार्कंड्याचं रूप वेगळंच आहे. कनिंगहॅम यांनी 1873-74च्या दौऱ्यात ते पाहिलं आणि त्यांना आठवलं ते खजुराहो. भिंतींवर एकीवर एक मूर्तींच्या ओळी, उंच शिखर. नातं उत्तरेकडचं, देवगिरीचं नव्हे.

आणि हे उभं कसं राहतं? वजनावर. छताचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवायचा, मागच्या टोकावर भार ठेवायचा, म्हणजे पुढचं टोक कलत नाही. असं करत भोक लहान होत जातं आणि शेवटी एक शिळा झाकणासारखी बसते. हा हिशेब ज्या पाथरवटांनी केला त्यांचं नाव आपल्याला माहीत नाही. मग श्रेय मंत्र्याला का द्यायचं?

पुढे वीज पडून शिखर ढासळलं. गोंड राजाने दुरुस्ती करून घेतली. ती ओबडधोबड आहे, असं जाणकार म्हणतात. असेल. कोरीव कामाशी तिची बरोबरी नाहीच. पण आधार देताना तिने जुन्या दगडाचं सोंग घेतलं नाही. नवं कुठे सुरू होतं ते दिसतं. मला हा प्रामाणिकपणा मोठा वाटतो.

आमच्या गावच्या देवळात आम्ही काय केलं? जीर्णोद्धाराची वर्गणी मीही दिली, पावती फाडून. दगडावर ऑइलपेंट मारला, सांधे सिमेंटने बुजवले, गाभाऱ्यात लाद्या बसवल्या. चुन्याविना शेकडो वर्षं उभ्या असलेल्या भिंतीला सिमेंट! दगडात मुरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहिली नाही. तिसऱ्या पावसाळ्यात रंगाला फुगे आले, आणि पापुद्रा सोलला तेव्हा त्याच्यासोबत एका मूर्तीच्या नाकाची कपची निघाली. समितीच्या बैठकीत मी गप्प होतो. त्या बैठकीतही कुणीतरी अभिमानाने म्हणालंच, "आपलं देऊळ हेमाडपंती आहे."