भयातून उपजलेले हास्य : अ‍ॅलिस्टर सिम

इंग्रजीत ‘कॅरेक्टर अ‍ॅक्टर’ म्हणून नटांचा जो वर्ग ओळखला जातो, त्याला आपल्याकडे हिंदी चित्रपटसृष्टीने ‘चरित्र-अभिनेता’ हा शब्द रूढ केला. शब्द सोयीचा खरा. पण मराठी वाचकाला त्यातून जीवनवृत्ताचा किंवा शीलाचा बोध होतो आणि मुळात अभिप्रेत असलेले स्वभावाचे विशिष्ट वळण निसटते. नावाबरोबर मूल्यमापनही निसटते. असा नट म्हणजे लकबींचे गाठोडे. नायक-नायिकेच्या कथेत मधूनमधून ते सोडून दाखवायचे आणि बाजूला व्हायचे, असा समज समीक्षकांतही आढळतो. अ‍ॅलिस्टर सिम या स्कॉटिश विनोदी नटाची कारकीर्द या समजाला छेद देते.

सिमचा जन्म १९०० साली एडिंबरो येथे एका शिंप्याच्या घरी झाला. १९२५ ते १९३० या काळात तो तेथील न्यू कॉलेजात वक्तृत्वाचा अध्यापक होता. धर्मोपदेशक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना शब्द कसा उच्चारावा हे तो शिकवीत असे. १९३० साली, वयाच्या तिशीत, लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात पॉल रोबसनच्या ‘ऑथेल्लो’मध्ये एका निरोप्याच्या भूमिकेत तो व्यावसायिक रंगभूमीवर प्रथम उभा राहिला. १९३५ पासून चित्रपट सुरू झाले; त्यांपैकी पहिल्या काही वर्षांतील बरेचसे आज विस्मृत आहेत आणि ते तसे असण्यात फारसे नुकसान नाही.

त्याचे मोठे डोळे, लोंबते गाल आणि गहिवर व उपरोध यांच्या सीमेवर तरंगणारा आवाज यांविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु या सामग्रीचा त्याने कशासाठी उपयोग केला, हा खरा प्रश्न आहे. भरताने हास्याची उत्पत्ती शृंगारापासून सांगितली. सिमच्या अभिनयात मात्र हास्य भयानकाच्या कुशीतून बाहेर पडते. त्याची पात्रे बहुधा भ्यालेली असतात, आणि आपले भय प्रतिष्ठेच्या अंगरख्याखाली झाकण्याची त्यांची धडपड हाच विनोदाचा विषय असतो.

‘ग्रीन फॉर डेंजर’ (१९४६) मधील इन्स्पेक्टर कॉक्रिल पाहावा. युद्धकाळातील रुग्णालय, वर उडत्या बॉम्बांची घरघर, आत खून. हा पोलीस अधिकारी आत्मतृप्त आहे, खवचट आहे; अंथरुणात पडून तो रहस्यकथा वाचतो, गुन्हेगार आपण ओळखला या खात्रीने शेवटचे पान उघडतो आणि त्याचा चेहरा उतरतो. क्षणभराचा प्रसंग आहे. पण पुढे त्याच्या प्रत्यक्ष तपासाची जी गत होते, तिची सूचना त्यात आहे. ‘लाफ्टर इन पॅरडाइज’ (१९५१) मध्ये तर स्वस्त गुन्हेकथांवर जगणाऱ्या एका सभ्य गृहस्थाला वारसा मिळवण्यासाठी अठ्ठावीस दिवसांचा तुरुंगवास कमवायचा आहे, आणि कागदावर इतके गुन्हे केलेल्या या माणसाला साधी चोरी करण्याचेही धैर्य होत नाही. ‘द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स’ (१९५४) मधील मुख्याध्यापिका मिस फ्रिटन ही त्याची सर्वांत लोकप्रिय भूमिका. पुरुषाने स्त्रीवेष घेतला की इंग्रजी प्रहसनात सहसा विडंबन सुरू होते. सिम ते करीत नाही. दिवाळखोरीच्या काठावर शाळा सावरून धरणारी एक बाई तो गंभीरपणे उभी करतो आणि हशा आपोआप येतो.

या सर्वांची परिणती ‘स्क्रूज’ (१९५१) मध्ये झाली आहे. डिकन्सच्या १८४३ मधील कथेतील हा कृपण पुष्कळ नटांनी रंगवला. बहुतेकांनी त्याचा लोभ रंगवला. वस्तुतः पुस्तकातच त्याची वाग्दत्त वधू त्याला सोडून जाताना सांगते की, तो जगाला फार भिऊ लागला आहे. सिमने नेमका हा धागा धरला. त्याचा स्क्रूज पैशाला चिकटतो तो बुडणारा माणूस फळीला चिकटतो तसा. म्हणून भुतांच्या रात्रीनंतरची सकाळ केवळ हृदयपालटाची राहत नाही. ती भयमुक्तीची होते. प्रथम एक अविश्वासाचे स्मित, मग घशातल्या घशात हसू, मग डोळ्यांत पाणी आणणारे, अंग गदगदा हलवणारे हास्य. शेवटी हा म्हातारा चक्क डोक्यावर उभा राहतो आणि मोलकरीण किंचाळत सुटते.

भरताने स्मित व हसित ही उत्तम प्रकृतीची, तर अपहसित व अतिहसित ही अधम प्रकृतीची लक्षणे मानली. येथे क्रम उलटा आहे. स्क्रूज जसजसा अतिहसिताकडे घसरतो, तसतसा माणूस म्हणून वर चढतो. शास्त्राला हा अपवाद मानावा की शास्त्रातील वर्गीकरण दरबारी शिष्टाचाराचे आहे असे म्हणावे, याचा निर्णय रसचर्चा करणाऱ्यांनी घ्यावा. सिमला मात्र मर्यादेचे भान होते. त्याच दिवशी पुतण्याच्या दारात तो पुन्हा घुटमळतो. आत जावे की नाही या संकोचात असताना मोलकरणीच्या एका प्रोत्साहक मानेच्या हालचालीने त्याला पाऊल उचलण्याचे बळ येते. भय गेले, पण त्याची सवय गेलेली नाही, हे येथे एकाही संवादाशिवाय कळते. तरुण स्क्रूजची भूमिका जॉर्ज कोलने केली आहे. युद्धकाळात स्थलांतरित होऊन हा पोरसवदा नट सिम दांपत्याच्या घरी राहिला, तेथेच वाढला आणि सिमच्याच हाताखाली बोलण्याचे वळण शिकला.

सिम स्वतःची पुनरावृत्ती करतो, हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. ‘द ग्रीन मॅन’ (१९५६) मधील मारेकरी मजेदार आहे. पण त्याला कशाचेच भय नाही, आणि त्यामुळे तेथे लकबी उघड्या पडतात. उलट ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’ (१९५४) मध्ये त्याने भयाची दिशाच बदलली : स्वतः शांत, किंचित स्मित करणारा, आणि भ्यालेले ते समोरचे प्रतिष्ठित कुटुंब. तीच सामग्री, परंतु ती आता विनोदासाठी नाही.

१९६० नंतर सुमारे बारा वर्षे तो चित्रपटांपासून जवळजवळ दूरच राहिला. रंगभूमीवर मात्र पिनेरोची प्रहसने त्याने १९६९ आणि १९७३ मध्ये नव्याने रंगवली. एडिंबरो विद्यापीठाचे रेक्टरपद त्याने १९४८ ते १९५१ पर्यंत भूषविले. ‘सर’ ही पदवी नाकारली. चाहत्यांना स्वाक्षरी देत नसे. १९७१ साली रिचर्ड विल्यम्सच्या रेखाचित्रांच्या लघुपटात स्क्रूजला त्याने पुन्हा आवाज दिला. तेथे डोळे नाहीत, गाल नाहीत. चेहरा चित्रकाराचा आहे. तरी पहिल्या काही वाक्यांतच तो जुना, जगाला भ्यालेला म्हातारा ओळखू येतो.