थोडे सूर, मोठे रिंगण

संगीतातल्या पुनरावृत्तीला आपल्याकडे चांगले नाव नाही. ‘तेच ते गातात’ हा शेरा आपण गाणाऱ्याला नापास करण्यासाठीच वापरतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात माडिया-गोंडांच्या रेला गाण्यांवर हा शेरा सर्रास मारला जातो, आणि तो मारण्यात तालुक्याच्या गावी राहणारे आपण मुसलमानही मागे नाही. गंमत अशी की, १९६० नंतर अमेरिकेत याच ‘तेच ते’मधून एक मोठा संगीतप्रवाह उभा राहिला. त्याला मिनिमलिझम म्हणतात. कमीत कमी सूर, त्यांची दीर्घ आवर्तने आणि लक्षातही येणार नाही इतक्या सावकाश होणारा बदल, हे त्याचे लक्षण. जगभरच्या सभागृहांत ज्याला दाद मिळते, तेच भामरागडच्या गावात ‘कंटाळवाणे’ कसे ठरते?

या प्रवाहातली गाजलेली रचना म्हणजे टेरी रायली यांची १९६४ची ‘इन सी’. तिच्यात ५३ लहान लहान स्वरतुकडे आहेत. वादक किती असावेत, वाद्ये कोणती असावीत, हे ठरलेले नाही. तुकडे क्रमाने घ्यायचे. पण एकेक तुकडा कितीदा वाजवायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे. अट एवढीच की शेजाऱ्याकडे कान ठेवावा, कोणी फार पुढे पळू नये, कोणी फार मागे राहू नये. कागदावर पाहिले तर ही रचना म्हणजे शाळकरी सराव वाटेल. तिचा जीव स्वरांत नाही, एकमेकांना ऐकण्यात आहे.

इथे आपल्या वाचकांची छाती फुगेल असा एक धागा आहे. रायली आणि त्यांच्या आधीपासून एकेक स्वर लांबवत बसणारे ला माँट यंग, हे दोघेही १९७०पासून पंडित प्राणनाथ यांचे शागीर्द झाले. प्राणनाथ शिकले ते किराना घराण्याच्या उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे. त्याच घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली वारले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. याच मिरजेत एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब या शिकलगाराने हत्यारांना धार लावणारा हात तंबोऱ्याकडे वळवला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याइतके ‘थोडे’ दुसरे कोणते वाद्य असेल? चार तारा, त्यांच्यावर कोणतीही चाल वाजत नाही. त्या फक्त पुन्हा पुन्हा छेडल्या जातात. तरी त्यांच्याशिवाय महफिल सुरू होत नाही.

याचा फख्र जरूर करावा. पण ‘हे सगळे आमच्याकडूनच गेले’ म्हणून थांबलो तर समीक्षा संपते आणि मिरवणूक सुरू होते. कारण किरान्याचे ‘थोडे’ हे खोलीचे आहे. एका षड्जात उतरायला वर्षानुवर्षांचा रियाज लागतो, उस्ताद लागतो. ते सर्वांना खुले नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही.

‘थोडे’ आणखी एका प्रकारचे असते. ते रुंदीचे. स्टीव्ह राइक १९७० साली घानात ढोलवादन शिकायला गेले आणि परतल्यावर १९७१मध्ये त्यांनी ‘ड्रमिंग’ ही रचना पुरी केली. तिथे त्यांनी पाहिले की, एकेका वादकाचा ठेका साधा असतो. अनेक साधे ठेके एकात एक अडकले की गुंतागुंत आपोआप उभी राहते. हे कळायला आपल्याला घानाला जायची गरज नाही. भामरागड, एटापल्लीकडे रेला पाहावे. मुली एकमेकींच्या कमरेभोवती हात घालून रांग धरतात, ढोल चालू असतो, एक गट ओळ टाकतो, दुसरा तीच उचलतो, आणि ‘रेला’ हे पालुपद फिरून फिरून येते. सूर मोजके, पावले मोजकी. शब्द मात्र प्रसंगाप्रमाणे बदलतात. सूर मोजके का? तर म्हातारीला, पोराला, दुसऱ्या गावाहून आलेल्या पाहुण्याला कुठूनही शिरता यावे म्हणून. चाल अवघड केली की दहा जण गातील आणि गाव ऐकेल. इथे ऐकणारे असे वेगळे कोणी नसतेच.

म्हणूनच रेला मंचावर आणले की मरते. शाळांच्या स्नेहसंमेलनांत आपण हे दरवर्षी करतो. पाच मिनिटांची वेळ, ध्वनिमुद्रित ट्रॅक, वर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडची भर, मुलांच्या कमरेला झाडाचा पाला. रिंगण मोडून रांग प्रेक्षकांकडे तोंड करून उभी केली जाते. मग कंटाळा येणारच. जे गाणे आत शिरण्यासाठी आहे ते बाहेरून बघायला दिले, तर त्यात बघण्यासारखे काय उरणार? भर घालून आपण त्याची गरिबी दूर करत नाही, त्याचे दार बंद करतो.

प्रत्येक पुनरावृत्ती थोर असते असे मात्र नव्हे. वरातीतला डीजेही तासभर तेच ठोकतो. शिवाय जे सहज शिरू देते ते सहज वापरलेही जाते. नक्षलवाद्यांच्या सांस्कृतिक पथकांनी गोंडी चालींवर आपले शब्द बसवले, ते याच गुणामुळे. तेव्हा कसोटी हवी, आणि ती आम्हा शिक्षकांच्या ओळखीची आहे. पहिलीच्या वर्गात पहाडे म्हणताना मागच्या बाकावरचा मुजरा मुलगाही तिसऱ्या फेरीला आवाज मिसळतो, तेव्हा ते आवर्तन कामाचे. कोणी मिसळत नसेल तर ती घोकंपट्टी. ‘इन सी’ या कसोटीला उतरते, पण तिकीट काढून बसलेल्यांना ती आत घेत नाही. रेला घेते. म्हणून या एका बाबतीत मी रेलाला वरचा नंबर देईन.

उर्दू शाळेतल्या मुलांना अब्दुल करीम खाँसाहेबांचे नाव आपण सांगतो. त्यांच्याच वयाची माडिया मुले त्याच तालुक्यात राहतात, हेही सांगायला हवे. पुढच्या स्नेहसंमेलनात रेला ठेवायचेच असेल तर मंच, ट्रॅक आणि पाला वगळून ते मैदानात ठेवावे, एखाद्या माडिया आजीला बोलवावे आणि शिक्षकांनीही कमरेला ओढणी खोचून, बाह्या सारून रांगेत उभे राहावे.