तर्खडकरांची पाठमाला आणि परळचीं मुलें

परळच्या एका चाळींत तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेचे जुने भाग परवां आमच्या हातीं लागले. त्यांना हंसणें आज सोपें झालें आहे. आम्हांस तें रुचत नाहीं. इंग्रजी शिकतांना मराठीची लाज वाटूं नये, हें त्या पुस्तकांनीं न बोलतां शिकविलें. उणीव निराळी आहे. विद्यार्थी दुसऱ्याचीं वाक्यें इकडून तिकडे फिरवितो. त्याला स्वतःला कांहीं सांगावयाचें आहे, हें पाठमालेच्या गांवींही नाहीं.

'तिच्याशीं लग्न केलें' ह्यावरून मुलगा 'मॅरीड विथ हर' लिहितो, आणि मास्तर तांबडी रेघ ओढतात. सेलिंकर ह्यांनीं १९७२ सालीं दाखविलें कीं, शिकणाऱ्याच्या ह्या मधल्या भाषेलाही स्वतःचे नियम असतात. म्हणजे ती चूक आळसाची नव्हे, विचाराची. प्रभू ह्यांनीं १९७९ पासून बंगळूरच्या प्रयोगांत व्याकरणाचे धडे बाजूस ठेवून नकाशे व वेळापत्रकें मुलांपुढें मांडलीं. लक्ष अर्थावर असतां भाषा रुजते, हें त्यांचें म्हणणें.

महाराष्ट्रांत २००० सालीं पहिलीपासून इंग्रजी आलें. परळास त्याची निकड अधिक. १९८२ च्या संपानंतर गिरणीचा आधार तुटला. बापाचें ज्या भाषेवांचून भागलें, तिच्यावांचून मुलाला नोकरी मिळेना. अशा मुलांस, नवाच्या आंत ठाण्यास कोणती गाडी पोंचेल, हें इंग्रजींत ठरवूं द्यावें. अडल्यास मराठींत विचारूं द्यावें. पाठमालेचा पुढचा भाग तोंवर फळीवर राहिला तरी चालेल.